शिकारीची हौस, आजोबांची बंदूक आणि तीन रविवार रिकामा गळ

लेथवाला

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं जॉबवर्कचे दर आणि पार्टीकडं अडकलेली बिलं यावर रडायला येतो. आज विषय वेगळा आहे, हसू नका.

वय ४३. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथ, एक मिलिंग. लहानपणी वडील सुट्टीच्या दिवशी सायकलच्या नळीवर बसवून शिंगणापूरच्या बंधाऱ्यावर न्यायचे. बांबूची काठी, तंगूस (गळाचा नायलॉन दोरा), मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि जुन्या बॅटरीतलं शिसं ठोकून केलेले मणी. मासे किती मिळायचे ते आता आठवत नाही. गांडुळांच्या डब्याच्या झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं मात्र आठवतात, कारण ते काम माझं असायचं. दहावीला क्लास लागले आणि हे सुटलं. मग आयटीआय, नोकरी, स्वतःचं शेड. वडील जाऊन बारा वर्षं झाली. त्या काठीचं काय झालं विचारलं, तर आई म्हणते दोडक्याच्या मांडवाला लावली होती, कुजली.

मुलीला आता सुट्टी आहे, जूनला सातवीत जाईल. एका रात्री गच्चीवर तिला हे सगळं रंगवून सांगत होतो, तर म्हणाली, ‘पप्पा, तुम्हाला खरंच येतंय, का नुसतं सांगताय?’ लागलं मनाला. १,४०० रुपयांची रॉड आणि रीळ ऑनलाइन मागवली. पहिल्या रविवारी तंगुसाची सुतरफेणी झाली, ती सोडवता सोडवता ऊन वर आलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा सुतरफेणी, वर गळ माझ्याच शर्टाच्या पाठीत. तिसऱ्या रविवारी एकदाचं तंगूस सरळ गेलं. दोन तास बसलो. निर्माल्याची पिशवी लागली. मुलगी काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

दुसरा भाग शिकारीचा. आमचं मूळ गाव राधानगरी तालुक्यात. आजोबांकडं पीक राखायला म्हणून ठासणीची बंदूक होती. शिमग्याच्या दिवसांत गावची पोरं रानात हाका घालायची (आरडाओरडा करून जनावरं हुसकायची), आजोबा वाटेवर दबा धरून बसायचे, डुक्कर पडलं की देवळापुढं वाटे घालायचे, बंदूकवाल्याला एक वाटा जादा. हे सगळं १९७२ च्या आधीचं, मी फक्त ऐकलेलं. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली, बंदूक अजून चुलत्यांच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून आहे.

आणि गेल्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मावसभावानं घरच्या ग्रुपवर मारलेल्या हरणाचा फोटो टाकला. मावशीनं न बघता खाली हात जोडले (ती सगळ्यालाच जोडते). मी मात्र तो फोटो चार वेळा उघडून बघितला. त्यानं हे चाळिशीतच शिकलंय म्हणे.

तर, आपल्याकडं रीतसर परवाना काढून शिकार शिकता येते का? आणि गळाचं माझं काय चुकतंय? मासेमारीचे व्हिडिओ लई बघितले, सगळे फॉरेनचे. पंचगंगेतलं कुणीतरी सांगा.

काळा_डगला

लेथवाले, हे इथं लिहायच्या आधी मला फोन करायचा होता.

आधी बंदूक. लायसन्स आजोबांच्या नावावर होतं, ते गेले त्याबरोबर ते लायसन्सही संपलं. तेव्हापासून ती बंदूक घरात असणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती पोत्यात असो नाहीतर देव्हाऱ्यात. चुलत्यांना सांगा, जुनं लायसन्सचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला शोधा, आणि तालुक्याच्या ठाण्यात स्वतःहून जमा करा. आठवण म्हणून ठेवायची असेल तर वारस म्हणून अर्ज करता येतो, पण आधी जमा, मग अर्ज. आणि कृपा करून ती खाली काढून नळीत डोळा घालू नका. ठासणीची बंदूक भरून ठेवलेली आहे की रिकामी हे बाहेरून दिसत नाही. माझ्या वडिलांच्या एका अशिलाच्या घरी वीस वर्षांनी साफ करायला काढलेली बंदूक उडाली होती. नशिबानं पुढं फक्त रांजण होता. ठाण्यात आधी कळवा, ते सांगतील तसं करा.

आता शिकार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नाही. फास लावणं, वाघर लावणं, हाका घालणं, आमिष टाकणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीनं दंड वाढला, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साध्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गवा, बिबट्या असे पहिल्या अनुसूचीतले असतील तर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं. ‘छर्ऱ्याच्या बंदुकीला लायसन्स लागत नाही’ हा युक्तिवाद घेऊन महिन्यातून एकजण तरी माझ्याकडं येतो. बाबांनो, बंदुकीला लागत नसेल, पण तिनं तितर पाडला की ती शिकारच.

डुकरानं पीक खाल्लं तर शेतकऱ्यानं वनखात्याकडं अर्ज करायची तरतूद आहे. ती नुकसान थांबवायला आहे, तुमच्या-माझ्या हौसेला नाही. तेव्हा सरळ उत्तर, शिकार शिकायचा परवाना आपल्याकडं नाही.

‘कोल्हापूरला शिकारीची परंपरा आहे’ असं कुणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. आहे. संस्थानानं काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले होते, पुढं पुढं तर ते आफ्रिकेतून आणावे लागले, कारण इथले संपत आले होते. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला. दाजीपूरचं जंगल महाराजांचं शिकारीचं राखीव रान होतं, १९५८ मध्ये त्याचंच अभयारण्य झालं. परंपरा बघायचीच असेल तर न्यू पॅलेसच्या म्युझियमात पेंढा भरून ठेवलेली आहे.

नेमबाजीची हौस असेल तर मात्र तुम्ही बरोबर गावात आहात. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली ती इथलीच, राही सरनोबत इथलीच. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेतलेला स्वप्निल कुसाळे कांबळवाडीचा, म्हणजे तुमच्याच राधानगरी तालुक्यातला. दुधाळीच्या रेंजवर जाऊन चौकशी करा. वय आड येत नाही, पोट थोडं येतं.

थंडीत_कोल्हापुरी

तो मावसभाऊ मीच. दादा, ग्रुपवर एक शब्द बोलला नाहीस आणि इथं माझी शिकार केलीस.

फोटोमागचं सांगतो, कारण फोटोत फक्त शेवटची दोन मिनिटं दिसतात. मी विस्कॉन्सिनमध्ये आहे. इथं १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा सुरक्षा कोर्स केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. वर्गात मी ४१ वर्षांचा, शेजारी बारा वर्षांची पोरं, आणि उत्तरं त्यांना माझ्याआधी यायची. पहिला सगळा वेळ एकाच गोष्टीवर गेला. बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कुठं रोखली आहे ते क्षणभरही विसरायचं नाही, आणि जनावराच्या मागं काय आहे ते दिसल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. कुणाकुणाला किती जनावरं मारायची तेही ठरलेलं असतं. बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरात नऊ दिवस. कमरेच्या वर निम्मे तरी कपडे भडक केशरी (नाहीतर भडक गुलाबी) घालावे लागतात, म्हणजे दुसरा शिकारी तुम्हाला हरीण समजत नाही. तुझ्या वहिनीनं मला पहिल्यांदा त्या वेशात बघितलं आणि विचारलं, वारीला निघालास का?

पहिल्या वर्षी पहाटे चारला उठून बर्फात झाडावरच्या मचाणावर बसलो. सहा दिवस. एक खार दिसली. दुसऱ्या वर्षी ऑफिसमधल्या एका म्हाताऱ्यानं सोबत घेतलं तेव्हा जमलं. त्यानं एकच सांगितलं, ‘हलू नकोस, आणि हललास तर हळू.’ मादी होती. गोळी लागल्यावर ती साठ-सत्तर पावलं गेली आणि बसली. मला वाटलं होतं मी ओरडेन वगैरे. गुडघेच थरथरायला लागले. मग पोट फाडून आतडी काढायची, ती उशीर न करता, नाहीतर मटण नासतं. त्या थंडीत तिच्या पोटातून वाफ येत होती आणि माझे गोठलेले हात त्या उबेनं सुटले. ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.

इथल्या हरणांत एक मेंदूचा रोग आहे, म्हणून डोकं सरकारी टपरीवर तपासायला दिलं, फुकट असतं. निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये. मग आईनं पाठवलेली चटणी घालून सुक्कं केलं. चव? बोकड आणि गवत यांच्या मधली.

पण हे उचलून तिकडं नेता येत नाही, दादा. इथं हरणं बेसुमार आहेत, त्यांची मोजदाद असते, आणि लायसन्सचा पैसा जंगलावरच खर्च होतो. बंदुका-काडतुसांवरचा करसुद्धा १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखलेला आहे. आपल्या दाजीपुरात गव्याला माणूस दिसला की माणसानंच वाट सोडायची, हे बरं आहे.

गळाचं मात्र मला सांगू नकोस. डिसेंबरात येतोय, मलाही ने. तोपर्यंत शिक.

बालिंगेकर

भावा, शिकारीचं वकीलसाहेबांनी सांगितलंय, ते बास झालं. आता मासं.

पयलं ती रीळ बाजूला ठेव. विकू नको, ठेव. सुतरफेणी का हुतीया सांगतो. दुकानातनं तंगूस सैल गुंडाळून आलेलं असतंय. फेकलं की वरचे वेढे सैल, ते एकदम सुटत्यात आणि एकमेकांत जात्यात. तू लेथवाला माणूस, ताण म्हंजे काय तुला सांगायला नको. सगळं तंगूस उतरव, पोरीला एक टोक धरून गच्चीच्या त्या कडंला उभी कर, बोटांत ओला फडका घिऊन दाबून भर. कडंपातूर भरू नको, दोन मिलीमीटर रिकामं ठेव. आणि फेकून झालं की ती वरची तार हातानं पाड, हँडल फिरवून पाडू नको. एवढं केलंस तर नव्वद टक्के भानगड मिटली.

पण सुरुवात बांबूनं कर. तुझ्या वडलांनी येडेपणानं बांबू घेतला न्हवता. दहा-बारा फुटी, शेंडा लवचिक. काठी जेवढी तेवढंच तंगूस, फेकायचा प्रश्नच न्हाई. चिलापी (तिलापिया मासा) काठालाच असती, लांब फेकून तू तिच्या डोक्यावरनं पलीकडं टाकालाईस.

गाठ. गळाच्या डोळ्यातनं तंगूस घाल, सहा पीळ दे, टोक परत पयल्या फाशातनं घाल, आणि वढायच्या आधी थुंकी लाव. कोरडं वढलंस तर घासून तापतंय आणि तंगूस तिथंच मरतंय. दिसाय चांगलं दिसतंय, मासा लागला की तुटतंय. मोठा मासा गेला म्हणून रडणाऱ्या निम्म्या लोकांचा मासा थुंकीपायी गेलेला असतोय.

खोली. ह्यो मुद्दा कुणी सांगत न्हाई. गळाला जरा जड शिसं लाव आणि काठीखाली सोड. तरंगा बुडाला म्हंजे पाणी जास्त हाय, तरंगा वर सरकव. आडवा पडला म्हंजे शिसं तळाला टेकलंय, खाली सरकव. उभा ऱ्हायला पायजे, शेंडा तेवढा वर. मग जड शिसं काढ. आता तुझा चारा तळाच्या बोटभर वर हाय. मृगळ तळाला चरतोय. तू आजपातूर अर्ध्या पाण्यात गळ लोंबकळत ठेवला असशील, मासं खालनं बघून हसत असतील.

चारा. शेंगपेंड रात्री भिजत घाल, सकाळी पिळून कणीक आणि चिमूटभर हळद घालून लिंबाएवढे गोळे कर. तीन-चार गोळे एकाच जागंला टाक आणि अर्धा तास गप बस. चहा पी. गळाला त्याच कणकेचा वाटाण्याएवढा गोळा, नायतर गांडूळ. जागा बदलू नको. नवा माणूस धा मिंटात जागा बदलतोय, आणि पेंडंवर मासा आला की ह्यो तिकडं.

तरंगा थरथरला की वढायचं न्हाई. चिलापी आधी चाखती. तरंगा बाजूला सरकत चालला, नायतर सरळ खाली गेला, मग मनगटानं. खांद्यानं वढलंस तर तोंड फाटून येतंय. टायमिंग, उजाडताना आणि दिवेलागणीला. मे म्हैन्यात आठनंतर बसणारा माणूस मासं धराय न्हाई, घरातनं पळून आलेला असतोय.

चिलापीच्या पाठीचं काटं आणि शिंगाड्याचा गालफडाजवळचा काटा सांभाळ. शिंगाड्याचा लागला तर दिवसभर ठणकतंय. वाम लागली तर राखंत नायतर फडक्यात धर, हातात ऱ्हात न्हाई. आणि एक. गवतात पाण्यावर तांबड्या-केशरी पिल्लांचा गोळा फिरताना दिसला, रक्ताचा थेंब पडल्यागत, तर खाली मरळ हाय असं समज. नर-मादी दोघं राखण करत असत्यात. त्या टायमाला तोंडापुढं कायबी टाकलं तरी ती तुटून पडती, भुकंनं न्हवं, पोरांसाठी. तवा गळ काढून घ्यायचा. आमच्या आज्ज्याचा नेम हुता ह्यो.

ह्या म्हैनाअखेरीला बंधाऱ्यांचं बरगं (पाणी अडवायच्या फळ्या) काढत्यात. तवा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पोरीला घिऊन उभा ऱ्हाऊ नको. पावसाळ्यात तर नदीवर जाऊच नको. राधानगरीचं सात दरवाजं आपोआप उघडत्यात, तुला फोन करून न्हाई उघडत. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा, ४३ ला धोका. गळवाल्यानं त्याच्या लई आधी घरात बसायचं.

नदीकाठची

बालिंगेकरांनी सगळं सांगितलं, एक सोडून. नदी कुणाची ते.

माझं माहेर भोयांचं. आजोबा-पणजोबा होडी चालवायचे आणि जाळं टाकायचे, वडीलही जाळ्यावरच. हौसेच्या लोकांचा आम्हाला राग नाही. नदीकाठी एक काठी घेऊन बसलेल्या माणसाला आमच्यातल्या कुणी हटकलेलं मी बघितलं नाही. पण तलाव आणि धरणं वेगळी. तिथं मच्छीमार सहकारी संस्थेनं ठेका भरलेला असतो, पैसे घालून बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडलेली असते. कटला, रोहू, मृगळ हे काही आपल्या कृष्णा खोऱ्याचे मूळचे नाहीत, गंगेकडचे, बीज आणून वाढवलेले. तुम्हाला ‘नुसते चार मासे’ वाटतात, ते कुणाच्या तरी पोराच्या फीचे असतात. काठावर संस्थेचा माणूस असतो, त्याला विचारा. विचारणाऱ्याला बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, वर कुठं बसायचं तेही सांगतात.

माझी तक्रार खरी जूनची आहे. पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्या-ओघळीतून मासे वर चढतात, अंडी घालायला. चढणीचे मासे म्हणून सगळा जिल्हा बॅटऱ्या, कोयते, काठ्या घेऊन बांधावर. चव असते, मी नाही म्हणत नाही, गाभोळी तर माझीही आवडती. पण एका रात्रीत पोतं भरून आणणारे आणि त्याचे फोटो टाकणारे लोक दिवाळीनंतर मलाच विचारतात, ‘नदीत मासेच राहिले नाहीत नाही का?’ वर ब्लिचिंग टाकणारे आणि आकडा टाकून पाण्यात वीज सोडणारे. पाण्यात सुरुंग आणि विष वापरायला बंदी घालणारा कायदा १८९७ चा आहे, इंग्रजांच्या काळचा. सव्वाशे वर्षं झाली, अजून सांगावं लागतं.

वडील जुन्या माशांची नावं घ्यायला लागले की आम्हा पोरांना निम्मी ओळखता येत नाहीत, कारण जाळ्यात येते ती चिलापीच. ती तर आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणली. मादी अंडी तोंडात धरून ठेवते, पिल्लंही तोंडातच सांभाळते, म्हणून कसल्याही पाण्यात टिकते. तेव्हा लेथवाले, चिलापी हव्या तेवढ्या न्या, पुण्याचंच काम. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला महाशीर जातीचा मासा चुकून लागला तर ओल्या हातानं सोडून द्या. मिशाळ आफ्रिकन मांगूर लागला तर मात्र परत सोडू नका, त्याच्या पालनाला २००० सालापासून बंदी आहे, नदीत तो बाकीच्यांना खातो.

शहराच्या खालच्या अंगाला बसू नका. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो ते पेपरात वाचलं असेल. वर जा, भोगावतीकडं. आणि तुमची ती सुतरफेणी झालेलं तंगूस काठावर टाकून आला असाल तर परत जाऊन उचला. गेल्या वर्षी माझ्या भावानं त्यात अडकलेला बगळा सोडवला, पाय कापला गेला होता.

लेथवाला

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण मधे बरंच झालं.

नदीकाठची ताई, तंगूस खरंच टाकून आलो होतो. दुसऱ्याच दिवशी शेडला जायच्या आधी जाऊन उचललं. माझ्याशेजारी आणखी तिघांचं होतं, तेही आणलं. टोपलीभर झालं.

बंदूक. चुलते आधी तयारच नव्हते, ‘आबांची आठवण हाय’ म्हणाले. वकीलसाहेबांचं रांजणाचं वाचून दाखवलं तेव्हा चुलतीच उठली आणि म्हणाली, आजच्या आज माळा रिकामा पाहिजे. ठाण्यात कळवलं, ते येऊन घेऊन गेले, पावती मिळाली. रिकामी निघाली. पोत्यात बंदुकीबरोबर शिंगाची एक दारूदाणी होती, तीही दाखवली, ती आत रिकामीच होती म्हणून परत दिली. आता माझ्या शेडमध्ये व्हर्नियरच्या डब्याशेजारी आहे. दुधाळीला अजून गेलो नाही. जाणार आहे. पोटाचं बघतो आधी.

मासे. बांबू लक्ष्मीपुरीत नाही मिळाला, शेवटी बुरुडाकडून ९० रुपयांना घेतला. मोरपीस आईनं देवघरातल्या पंख्यातलं दिलं, कुरकुरत. पेंड रात्री भिजवली तर घरभर वास, बायकोनं पातेलं गच्चीवर ठेवायला लावलं. पहाटे साडेपाचला बालिंग्याच्या वरच्या अंगाला, मी आणि मुलगी. खोली मोजायचं तिला इतकं आवडलं की तरंगा उभा राहिल्यावरही आणखी दोनदा मोजली. पाणी साडेचार फूट. म्हणजे गेले तीन रविवार माझा गळ तळापासून तीन फूट वर पोहत होता.

पेंड टाकून अर्धा तास गप बसणं हे सगळ्यात अवघड. मुलीनं ते माझ्यापेक्षा बरं केलं. सहा वाजून दहा मिनिटांनी तरंगा थरथरला, मी हात पुढं केला, तिनं माझं मनगट धरलं. ‘पप्पा, चाखतीय.’ मग तो तिरका होऊन डावीकडं निघाला आणि तिनंच ओढलं. बोटाएवढी चिलापी. तिच्या हातात बसली आणि लगेच काटा टोचला, दोन थेंब रक्त. रडली नाही, बोट तोंडात घातलं. ती सोडली. मग तळहाताएवढ्या पाच मिळाल्या, त्या ठेवल्या. एक काहीतरी मोठं लागलं होतं, काठी पार वाकली आणि तंगूस गाठीतच तुटलं. बालिंगेकर, थुंकी विसरलो. टोक बघितलं तर कुरळं झालं होतं, तुम्ही म्हणता तसंच.

आईनं पाचही मासे मीठ-हळद लावून, चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवून तव्यावर तळले. चिखलाचा वास गेला. बायकोनं खाल्ला नाही, पण बघत होती.

आता शेवटचा प्रश्न. साडेसातला आवरताना मुलीला गवताच्या कडेला पाण्यावर केशरी ठिपक्यांचा घोळका दिसला, मुठीएवढा, सगळा मिळून एकदम वर यायचा आणि एकदम खाली जायचा. तिनंच सांगितलं, गळ काढा. काढला. आम्ही तिथं पंधरा मिनिटं उकिडवं बसून बघितलं. एकदा खालून काहीतरी काळं, माझ्या मनगटाएवढं, हळूच वळून गेलं. ती मरळच का? आणि पिल्लं किती दिवस अशी राहतात, पुढच्या रविवारी बघायला मिळतील का? जागा सांगायची तर पुलापासून वर चालत गेलं की डाव्या हाताला

बालिंगेकर

मरळच ती. दिसतील पुढच्या रविवारी, जरा मोठी झालेली आणि रंग उतरलेला. आणि मर्दा, जागा हितं लिहू नको. ती ओळ पुस आधी.